कापलेल्या पावाहून थोरली राणी

इंग्रजी जाहिरातींचा मजकूर मराठीत आणायचं काम मी पोटासाठी करते. या धंद्यात सगळ्यात जास्त वेळा समोर येणारा शब्द म्हणजे 'न्यू'. साबण नवा, त्याचं वेष्टन नवं, वेष्टनावरची बाई नवी, आणि काहीच नवं नसेल तर निदान 'न्यू लुक'. नुसत्या 'न्यू'नं भागेनासं झालं की 'ऑल न्यू', 'ब्रँड न्यू', 'स्टेट ऑफ द आर्ट', 'कटिंग एज' अशी चढती भाजणी. यातल्या शेवटच्या दोन दुखण्यांवर आमच्याकडे एकच औषध आहे, 'अत्याधुनिक'. हा शब्द इतका स्वस्त झालाय की तालुक्याच्या गावातलं मंगल कार्यालय 'अत्याधुनिक सुविधांनी सुसज्ज' असतं आणि एस.टी. स्टँडाशेजारचं शौचालयही अत्याधुनिक असतं. उद्घाटनाला दोन पावसाळे होऊन जातात, नळाच्या तोट्या चोरीला जातात, पाटीवरचं आधुनिकपण मात्र तसंच.

'अत्याधुनिक'ची खोट अशी की त्यात हाताला लागेल असं काही नाही. शब्द ऐकला की डोळ्यांपुढं काही उभं राहत नाही, फार तर काच आणि स्टील. याउलट इंग्रजीतले जे वाक्प्रचार तीन-चारशे वर्षं टिकून राहिले ते उघडून पाहिले की प्रत्येकातून एखादी वस्तू निघते. कोलीत, ढलपी, खिळा, टाचणी. नवेपणा हा गुण आहे असं त्या लोकांनी सांगितलंच नाही. वस्तू ज्या हातातून शेवटची सुटली त्या हाताची ओली खूण तेवढी दाखवली आणि मोकळे झाले.

'ब्रँड न्यू' घ्या. यातला ब्रँड म्हणजे कंपनीचा छाप, असं बहुतेकांना वाटतं. मलाही पहिल्या नोकरीत साहेबांनी तसंच पढवलं होतं. पण जुन्या इंग्रजीत 'ब्रँड' म्हणजे जळतं लाकूड, विस्तव. भट्टीतून नुकतंच बाहेर काढलंय, अजून लाल आहे, हात लावाल तर पोळेल, इतकं नवं. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हा शब्द लिखाणात दिसतो. त्याच सुमाराला शेक्सपिअर 'फायर न्यू' असा त्याचा सख्खा भाऊ वापरत होता. एका नाटकात टांकसाळीतून गरमागरम पाडून आणलेले विनोद आहेत, तर दुसऱ्या एका नाटकात नव्या नव्या शब्दांचा सोस असलेल्या एका स्पॅनिश बढाईखोराला 'फायर न्यू शब्दांचा माणूस' म्हटलंय. आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांच्या व्हिजिटिंग कार्डावर हे छापता येईल.

गंमत अशी की 'फायर न्यू' मेला आणि 'ब्रँड न्यू' जगला. माझा आपला अंदाज असा की 'फायर' सगळ्यांना कळत होता, म्हणून तो लवकर विझला. 'ब्रँड' म्हणजे विस्तव हे लोक विसरले आणि त्या विसरण्यावरच तो तगला. पुढं मालावर छाप मारायचा जमाना आला तेव्हा त्याला आयता दुसरा अर्थ मिळाला. तो छापही मुळात आगीचाच. गुरांना, पिंपांना तापल्या लोखंडाचा डाग देत, तोच ब्रँड. म्हणजे मोबाइलच्या दुकानात 'ब्रँडेड' आणि 'ब्रँड न्यू' हे दोन शब्द शेजारी शेजारी लटकत असतात, आणि दोघांच्या बुडाशी एकच जळतं लाकूड असतं.

त्याहून जुना ऐवज 'स्पिक अँड स्पॅन'चा. उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या भाषेत लाकडाच्या ढलपीला 'स्पान' म्हणत. सुतारानं वाकस मारला, ढलपी उडाली, आतलं पांढरंशुभ्र लाकूड उघडं पडलं, त्याला अजून हवा लागली नाही, धूळ बसली नाही. तितकं नवं ते 'स्पॅन न्यू'. तेराशेच्या सुमारास हा शब्द इंग्रजीत रुळलेला होता. मग कुणीतरी त्याला खिळा जोडला, 'स्पिक' म्हणजे खिळा. डच भाषेत आजही कोऱ्या करकरीत वस्तूला खिळा आणि ढलपी मिळून झालेला लांबलचक शब्द वापरतात. जहाजं बांधणाऱ्या लोकांच्या तोंडी असंच काहीतरी येणार. ही ढलपी इंग्रजांच्या ताटापर्यंत गेली ती वेगळ्या वाटेनं. 'स्पून' हा शब्दही याच कुळीतला, कारण पहिला चमचा म्हणजे खोलगट ढलपीच.

या शब्दाचा मला आवडणारा प्रयोग सॅम्युअल पेपिसच्या रोजनिशीत आहे. पेपिस लंडनला आरमाराच्या कचेरीत अधिकारी, सांकेतिक लघुलिपीत रोजनिशी लिहिणारा, बायकांच्या कपड्यांवर बारीक नजर असणारा. १६६५चा नोव्हेंबर. लंडनला प्लेगनं झोडपलेलं ते साल. एका चिखलाच्या गल्लीतून त्याच्या वरिष्ठ सहकाऱ्याची बायको लेडी बॅटन चालली आहे, पायात नवेकोरे, 'स्पिक अँड स्पॅन' पांढरे बूट. बुटांवर चिखल बसू नये म्हणून वरून घातलेलं एक आवरण चिखलात रुतलं, निघेना. बाईंना ते तिथंच सोडून एकाच आवरणानिशी घरी जावं लागलं आणि त्या भयंकर चिडल्या. त्यांना आधार देत चालवत नेणाऱ्या पेपिसला मनातून किती उकळ्या फुटत असतील ते ओळींमधून कळतं. नव्या बुटांचं नवेपण चिखलाशेजारी ठेवल्यावरच कसं खुलतं पाहा. आज मात्र 'स्पिक अँड स्पॅन' म्हणजे नुसतं स्वच्छ, टापटीप. पाहुणे यायच्या आधीचा दिवाणखाना. ढलपी गेली, खिळा गेला, फरशी पुसलेली तेवढी राहिली.

टाचणीचीही तीच गत. 'नव्या टाचणीसारखं लख्ख' असं इंग्रजीत म्हणतात, तेव्हा आपल्याला वाटतं, टाचणीत काय एवढं? पण टाचणी हा एकेकाळी हातानं घडवायचा, पितळेला कथिलाचा मुलामा द्यायचा नाजूक माल होता. ॲडम स्मिथनं १७७६ साली श्रमविभागणी समजावून सांगायला पहिलंच उदाहरण टाचणीच्या कारखान्याचं घेतलं. एक जण तार ओढतो, दुसरा सरळ करतो, तिसरा तोडतो, चौथा टोक काढतो, अशी अठरा कामं. दहा माणसं मिळून दिवसाला ४८,००० टाचण्या. एकट्यानं सगळं करायला बसला तर दिवसाला वीस व्हायची मारामार. मुलामा ताजा असेतो टाचणी चांदीसारखी चमके. वाक्प्रचार त्या चमकेचा आहे, ती जाते हे ज्यांनी पाहिलं होतं त्यांनी केलेला.

आपल्याकडे हा सगळा कारभार कापडावर झाला. 'कोरं' म्हणजे अजून पाण्यात न पडलेलं. 'करकरीत' हा तर निव्वळ आवाज आहे, खळ दिलेल्या कापडाचा, बँकेतून आलेल्या नोटांच्या पुडक्याचा. पण माझ्या मते मराठीतला नवेपणाचा सगळ्यात देखणा प्रयोग 'घडी मोडणे' हा. आमच्या घरी नवं लुगडं आलं की ज्या बाईचं ते असेल ती कधीही पहिल्यांदा नेसत नसे. आई आत्याला म्हणायची, "वन्सं, घडी तुम्ही मोडा." आत्या नको नको म्हणत हात पुसून ते घ्यायची. दुकानदाराचा कागदी शिक्का पदराच्या टोकाला अजून चिकटलेला, तो नखानं खरवडून काढायची. मग घडी उलगडायची. अंगभर चौकोनी मोडी, जणू नकाशा उघडला. त्या मोडी नेसल्यावरही दिवसभर दिसत राहायच्या, त्यावरून पाहुण्या बायकांना कळायचं की आज घडी मोडली. संध्याकाळी लुगडं परत आईच्या ट्रंकेत. इंग्रजी हिशेबानं आईला ते सेकंड हँड मिळालं. ब्रँड न्यूला दुसऱ्याचा हात लागलेला चालत नाही. सील तुटलं की किंमत उतरली. आमच्यात मात्र जवळच्या माणसाचा हात लागल्याशिवाय नवं हे नीट नवं होत नसे. हे मी एकदा एका कपड्यांच्या जाहिरातीत घालून पाहिलं. समोरच्या तरुण मॅनेजरनं विचारलं, "म्हणजे यूज्ड?"

आता जुन्याकडे. नव्याला कारागिराची खूण पुरते. जुन्याला साक्षीदार लागतो. ही गोष्ट जुनी आहे हे कुणाच्या डोळ्यांदेखत? इंग्रजीत हे साक्षीदार बहुतेक बायबलातून आले. 'टेकड्यांइतकं जुनं' हा प्रयोग ईयोबाच्या पुस्तकात त्याचा मित्र त्याला टोमणा मारतो तिथवर नेता येतो. तू काय टेकड्यांच्या आधी जन्मलास? मराठीत डोंगर वयासाठी वापरलेला मला आठवत नाही. आपल्याकडे डोंगर आकाराचा, कर्जाचा, दुःखाचा, आणि दुरून साजरा. सह्याद्री पायाशी असताना आपण त्याला वय विचारलं नाही. त्याऐवजी 'पांडवांच्या काळातलं' म्हटलं. कुठलंही लेणं, कुठलंही दगडी देऊळ, पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं. कोंबडा आरवला म्हणून शिखर राहिलं.

इंग्रजांचे पांडव म्हणजे बायबलातल्या जलप्रलयातून तारू बांधून वाचलेला नोहा. जुनाट वस्तूला ते 'नोहाच्या तारवातून उतरलेली' म्हणतात. त्याचाच सुटाबुटातला अवतार म्हणजे 'अँटिडिलुव्हियन', जलप्रलयापूर्वीचा. हा शब्द सर टॉमस ब्राउन या डॉक्टरानं १६४६ साली घडवला. तेव्हा ती नुसती अतिशयोक्ती नव्हती. त्यानंतर चारच वर्षांनी आर्चबिशप अशर यांनी बायबलातल्या वंशावळ्यांची बेरीज करून सृष्टीचा जन्म इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये बसवला, आणि पुढं ती सालं इंग्रजी बायबलच्या समासात छापली जाऊ लागली. जलप्रलयाला पंचांगात जागा होती. आणि मेथुसेलाह, ज्याच्या नावानं इंग्रजीत म्हाताऱ्यांना चिडवतात, तो ९६९ वर्षं जगला. त्याला १८७व्या वर्षी लामेख झाला, लामेखला १८२व्या वर्षी नोहा झाला, नोहा ६०० वर्षांचा असताना प्रलय आला. करा बेरीज. म्हातारा बरोबर प्रलयाच्या साली गेला. बुडाला की आधी गेला ते लिहिणाऱ्यानं सांगितलेलं नाही. पण अँटिडिलुव्हियन म्हणावा तर यालाच.

यातला एक साक्षीदार मात्र आपल्याकडेही आला आणि तो इंग्रजांबरोबर आलेला नाही. इंग्रजीत 'ॲडम पोरगा होता तेव्हापासून' म्हणतात, मराठीत 'बाबा आदमच्या जमान्यातलं'. एकच आदम, आपल्याकडे मुसलमानी राजवटींच्या बोलीतून आला, तिकडे चर्चमधून. आमच्या वाड्यातली शिसवी कपाटं बाबा आदमच्या काळातली होती, आणि ती पांडवांची कधीच नव्हती. फर्निचर आदमचं आणि देवळं पांडवांची, ही वाटणी कुणी केली असेल?

बायबलातलाच 'जुन्या बाटल्यांत नवी दारू' हा प्रयोग इंग्रजीत अडला. काचेच्या बाटलीला काय होतंय, नवी असो की जुनी? १६११च्या अधिकृत भाषांतरात 'बॉटल' शब्द होता खरा, पण येशू बोलत होता ते चामड्याच्या पिशव्यांबद्दल. नवा रस फसफसतो, जुनं चामडं ताणत नाही, फाटतं. पुढच्या इंग्रजी भाषांतरांना तो शब्द बदलावा लागला. मराठी बायबलात मात्र 'नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यात' असं आहे. बुधला म्हणजे तेला-तुपाचा चामडी बुधला, जो तेव्हा इथल्या प्रत्येक तेल्याकडे होता. भाषांतरकाराची मला असूया वाटते, इतका चपखल शब्द त्याला आयता मिळाला. आज आपण म्हणतो 'नव्या बाटलीत जुनी दारू'. सगळं उलटं झालं, आणि फुटण्याचा धोका गेला तो गेलाच.

पण जुन्याच्या बाबतीत मला सगळ्यात भावतो तो इंग्रजांचा कायदा. 'फ्रॉम टाइम इमेमोरियल', म्हणजे कुणाच्याच आठवणीत नाही इतक्या पूर्वीपासून. आपण हे भाषणात सढळ हातानं वापरतो. इंग्रजांच्या न्यायालयात मात्र त्याला तारीख होती, ३ सप्टेंबर ११८९. त्या दिवशी पहिल्या रिचर्डचा राज्याभिषेक झाला. १२७५च्या वेस्टमिन्स्टर कायद्यानं जमिनीच्या दाव्यांसाठी ही रेघ मारली. त्याच्या आधीचं ते स्मरणापलीकडचं, त्याच्या अलीकडचं ते स्मरणातलं. नंतर ही रेघ पुढं सरकवायला कुणाला सुचलं नाही, आणि शतकानुशतकं कायद्याची आठवण तिथंच थांबून राहिली. ही तारीख वाचली तेव्हा मी सवयीनं मराठीकडे वळून पाहिलं. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' परंपरेनं शके १११०चा, म्हणजे इसवी सन ११८८. 'ज्ञानेश्वरी' शके १२१२ची, म्हणजे १२९०. इंग्रजी कायद्यानं बघायला गेलं तर विवेकसिंधु जेमतेम एका वर्षानं अनादि आणि ज्ञानेश्वरी कालपरवाची. माउलींना हे आवडलं असतं.

जनावरांच्या बाजारात जुनेपणाचा साक्षीदार तोंडातच असतो. म्हाताऱ्या माणसाला किंवा जुन्या गाडीला इंग्रजीत 'लाँग इन द टूथ' म्हणतात ते घोड्यांमुळे. वय वाढलं की घोड्याच्या हिरड्या मागं सरतात आणि दात लांब दिसायला लागतात. घोड्याचा व्यापारी वयाबद्दल खोटं बोलेल, दात बोलत नाहीत. आमच्याकडच्या बैलबाजारात हेच चालतं. गिऱ्हाईक काही न बोलता बैलाच्या वेसणीला धरतं, अंगठ्यानं खालचा ओठ दाबून दात बघतं. आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला, ही बैलाची जन्मपत्रिका. मग रुमालाखाली हात जातात आणि बोटांवर भाव ठरतो. फुकट मिळालेल्या घोड्याचे दात बघू नयेत हे इंग्रजीतलं शहाणपण सेंट जेरोमनं सोळाशे वर्षांपूर्वी लॅटिनमध्ये लिहून ठेवलेलं आहे. 'धर्माचे गायी आणि दात का गे नाही' हे आपलं. दोन्हीकडच्या फुकट्यांची कुरकुर एकच.

जुन्या विनोदालाही त्यांच्याकडे नाव आहे, 'चेस्टनट'. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला १८१६ साली झालेल्या एका मेलोड्रामातून ते आलं असं सांगतात. एक कॅप्टन आपली ठरलेली गोष्ट सांगताना बुचाच्या झाडाचं नाव घेतो. ऐकणारा त्याला टोकतो, अहो, ते चेस्टनटचं झाड होतं, सत्तावीस वेळा ऐकलीय मी ही गोष्ट. आमच्या बिल्डिंगच्या गणपतीत असा एक कॅप्टन दरवर्षी असतो, पण त्याला टोकायची टाप कुणाची नाही.

एवढं सगळं झाल्यावर येतो विसाव्या शतकातला एकमेव नवा वाक्प्रचार, ज्यात अजूनही वस्तू शाबूत आहे. काहीतरी भन्नाट निघालं की अमेरिकन माणूस म्हणतो, 'स्लाइस्ड ब्रेडनंतरची सगळ्यात मोठी गोष्ट'. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला तो विनोद वाटला. पाव कापण्यात काय शोध? पण त्यामागं एका माणसाची सोळा वर्षं आहेत. ओटो रोवेडर हा मिझुरी राज्यातल्या सेंट जोसेफ गावचा जवाहिऱ्या. त्याला १९१२च्या सुमारास पाव कापायच्या यंत्रानं झपाटलं. दागिन्यांची दुकानं विकून त्यानं पैसा उभा केला. १९१७ साली ज्या कारखान्यात काम चाललं होतं तिथं आग लागली, नमुना आणि आराखडे दोन्ही जळून गेले. त्यानं परत पहिल्यापासून सुरुवात केली. बेकरीवाल्यांचा आक्षेप साधा आणि खरा होता, कापलेला पाव लवकर वाळतो. काप एकत्र राहावेत म्हणून त्यानं आधी टाचण्या लावून पाहिल्या, आणि अखेर यंत्रातच पाव कापून लगेच गुंडाळायची सोय केली. ७ जुलै १९२८ रोजी मिझुरीतल्याच चिलिकॉथी या छोट्या गावातल्या बेकरीनं पहिला कापलेला पाव विकायला ठेवला.

त्या वेळच्या जाहिरातीत काय म्हटलं होतं? 'पाव कागदात गुंडाळायला सुरुवात झाल्यापासून बेकरी धंद्यानं टाकलेलं सगळ्यात मोठं पाऊल.' जाहिरात लिहिणारी म्हणून मी इथं हसून घेते. 'कापलेल्या पावानंतर' या साच्याचा जन्म कापलेल्या पावाच्याच जाहिरातीत झाला म्हणायचा, फक्त तेव्हा त्या जागी गुंडाळलेला पाव होता. नव्याची बढाई मारायला परवाचं नवं हाताशी लागतंच.

आणि ही चैन नव्हे, गरज झाली, ते १९४३ साली कळलं. महायुद्धाच्या धामधुमीत अमेरिकन सरकारनं १८ जानेवारीपासून कापलेल्या पावावर बंदी घातली. कापलेल्या पावाला जाड मेणकागद लागतो, तो वाचवायचा होता. गृहिणी खवळल्या. नवऱ्याचा, मुलांचा डबा, सकाळची घाई, आणि एकेक काप सुरीनं काढत बसायचं. वर्तमानपत्रांकडे पत्रं गेली. ८ मार्चला सरकारनं बंदी उठवली. पंधरा वर्षांपूर्वी जे अस्तित्वातच नव्हतं त्याच्यावाचून बायका सात आठवडे राहू शकल्या नाहीत. नवं जुनं कधी होतं याचं इतकं नेमकं मोजमाप मला दुसरीकडं मिळालेलं नाही.

इंग्लंडची दिवंगत राणी दुसरी एलिझाबेथ १९२६ची. म्हणजे ती कापलेल्या पावाहून दोन वर्षांनी थोरली. हा हिशेब इंग्रजी बोलणाऱ्या लोकांना फार आवडतो, अमेरिकेत ते बेटी व्हाइट या नटीबद्दल हाच विनोद करत, ती १९२२ची. आपल्याकडे हा वाक्प्रचार रुजायला जागाच नाही. मुंबईचा लादीपाव मुळात कापायचा नसतो, तोडायचा असतो. सुरीचा संबंध वडा घालायला पोटात फाक पाडण्यापुरता. एका मोबाइलच्या जाहिरातीत हा 'स्लाइस्ड ब्रेड' माझ्यापुढं आला तेव्हा मी तो सरळ उडवून लावला आणि 'असा फोन आजवर झाला नाही' असं लिहिलं. बिनवस्तूचं वाक्य. पण खपलं.

नवेपणाचा शिक्का कधी कधी वस्तूला असा चिकटतो की निघता निघत नाही. ऑक्सफर्डचं न्यू कॉलेज १३७९चं. विल्यम राजानं शिकारीसाठी राखलेलं न्यू फॉरेस्ट १०७९च्या आसपासचं, जवळजवळ साडेनऊशे वर्षं नवीनच. पुण्यात १८८० साली चिपळूणकर, टिळक मंडळींनी काढलेलं न्यू इंग्लिश स्कूल अजून 'न्यू'च आहे आणि १९२३चा नवा पूल रिक्षावाल्यांना अजून नवा पूलच आहे. त्या पुलाचं अधिकृत नाव विचारलंत तर रिक्षावाला तुम्हाला बाहेरगावचे समजून मीटरच टाकणार नाही.

याच्या उलटही होतं, आणि ते जास्त मजेशीर आहे. नवं आलं की जुन्याला नवं नाव घ्यावं लागतं. इंग्रजीत याला 'रेट्रोनिम' म्हणतात, अमेरिकन पत्रकार फ्रँक मॅन्कीविझ यानं केलेला आणि १९८०मध्ये विल्यम सॅफायरच्या सदरामुळं पसरलेला शब्द. पूर्वी गिटार नुसती गिटार होती, विजेवरची आली आणि ती 'अकूस्टिक' झाली. घड्याळ 'ॲनालॉग' झालं, फोन 'लँडलाइन' झाला, टपाल 'स्नेल मेल' झालं. पहिलं महायुद्ध चालू असताना सहसा कुणी त्याला पहिलं म्हणत नव्हतं, बिचाऱ्यांना दुसऱ्याची कल्पना नव्हती. ब्रिटनमध्ये टीव्ही आल्यावर रेडिओला गमतीनं 'स्टीम रेडिओ' म्हणायला लागले, जणू आत कोळसा घालायचा असतो.

आपल्याकडे या शब्दांचं पीक उदंड आहे, फक्त कुणी मोजलेलं नाही. माझी आजी लुगडं नेसायची. पाचवारी, सहावारी आली आणि ते 'नऊवारी' झालं. अंडं हे अंडं होतं, पोल्ट्री निघाल्यावर ते 'गावरान' झालं आणि महागलं. फोनला 'साधा फोन' म्हणायला लागलो तो दिवस फार लांबचा नाही. आणि हायवेला तर आता मैलामैलावर पाट्या आहेत, 'चुलीवरची मिसळ', 'चुलीवरचं मटण', 'चुलीवरची भाकरी'. माझ्या आजीला चुलीवरची भाकरी म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, मग आणखी कशावर करतात? तिच्या डोळ्यांत धूर गेला तो गेला, आता त्याच धुराचे वेगळे पैसे लागतात. 'अत्याधुनिक'पेक्षा ही पाटी कितीतरी चांगली लिहिलेली आहे, हे मात्र मी व्यावसायिक म्हणून कबूल करते. चूल दिसते, भाकरीचा पापुद्रा फुगलेला दिसतो, आणि वास येतो.

पावाचंही तेच झालंय. १९२८च्या आधी कुणी पावाला 'न कापलेला' म्हटलं नव्हतं. आता लंडनपासून कोथरूडपर्यंत अख्खा, जाड कवचाचा, खरबरीत पाव 'आर्टिझन' म्हणून विकतात, कापलेल्याच्या तिप्पट भावानं. आमच्या जवळच्या बेकरीत असा एक सावरडो मी उचलला आणि काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, "कापून दे." त्याच्या मागं कापायचं यंत्र होतं, तारेच्या पात्यांचं, चालू. तो जरा अवघडला. "मॅडम, हा लोक अख्खाच नेतात. कापला की त्याचं ते राहत नाही." काय राहत नाही, ते त्याला सांगता येईना. मागची बाई हातात दोन मिल्क ब्रेड घेऊन उभी होती, तिला घाई होती. मी म्हटलं, "काप रे बाबा, सोळा वर्षं लागली होती त्या माणसाला."